सलमाबादची बस

बहारीनमधल्या एका भारतीय शाळेत मी अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. एक्सेल बरं येतं म्हणून निकालाच्या विश्लेषणाचं कामही माझ्याकडे आलं. आधी ते साधंच होतं: विषय, तुकडी, सरासरी. मग एका वर्षी प्रिन्सिपल सर म्हणाले, "मुलं कुठे राहतात, वडील काय करतात, घरी कोणती भाषा बोलतात, तेही घाला. कोण मागे पडतंय ते कळू दे."

ते काम मला आवडलं. खोटं कशाला बोलू? प्रवेशाचे जुने अर्ज काढून मी एकेक रकाना भरला. आम्ही स्वतः अमवाजच्या महागड्या वस्तीत राहायचो, नवरा बँकेत. आमच्यासारख्यांची मुलं एका बाजूला, सलमाबादच्या गॅरेजांत आणि गोदामांत काम करणाऱ्यांची दुसऱ्या. नववीच्या गणिताच्या तक्त्यात रंग भरले, तर सलमाबादची ओळ लालभडक निघाली. इंग्रजीत ती ओळ थोडीशीच मागे होती, विज्ञानात तर जवळजवळ नव्हतीच. हे मी पाहिलं होतं. गणितातच असं का, हा प्रश्न मनात येऊनही गेला. पण मीटिंग दुसऱ्या दिवशी होती आणि तक्ता फार छान दिसत होता.

मीटिंगमध्ये ठरलं, की या मुलांनी दहावीला सोप्या पेपरचं गणित घ्यावं. शाळेचा निकाल सुधारेल, मुलांवरचा ताणही कमी होईल. तो पेपर घेतला की आमच्याकडे अकरावीला गणित मिळत नसे. यादी मी केली.

त्या यादीत एक मुलगी होती. एकदा नववीच्या बाई रजेवर होत्या म्हणून मी त्या वर्गावर गेले होते. फळ्यावर गणित लिहून होतंय न होतंय तोच मागच्या बाकावरून तिचं उत्तर आलं, तेही बरोबर. "कसं काढलंस?" विचारलं, तर आधी इंग्रजीत अडखळली. मी मराठी आहे हे कळल्यावर चिपळूणकडच्या हेलात तिने सगळं धडाधड सांगितलं. तिची रीत पुस्तकातली नव्हती, पण सरळ होती. पुढे कितीतरी दिवस ती मधल्या सुट्टीत लायब्ररीत मला गाठायची. माझी स्वतःची मुलगी तिच्याच वयाची, त्याच इयत्तेत. तिला मात्र गणित म्हटलं की डोकं दुखायचं.

यादीत तिचं नाव दिसलं तेव्हा मी थांबले. पण एकीला वगळलं तर उद्या सगळेच पालक येतील, असं स्वतःला सांगितलं आणि यादी पाठवून दिली.

ऑफिसातून घरी चिठ्ठी गेल्यावर तिचे वडील मला भेटायला आले. सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये ते गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचे. धुतलेला शर्ट, पण नखांच्या कडांना रंग होताच. खुर्चीत टेकल्यासारखे बसले.

"बाई, पोरीला गणित आवडतं. घरी दुसरं काही बोलत नाही. इंजिनियर व्हायचं म्हणते."

"आवडणं वेगळं आणि मार्क वेगळे," मी म्हणाले. "तिचे तीन परीक्षांचे मार्क बघा."

लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून मी त्यांना तो लाल पट्टा दाखवला. त्यांनी त्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आम्ही शिकलेलो नाही म्हणून असं होतंय काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले नाही. "तसं थोडं असतंच," म्हणाले. त्यांनी संमतीच्या फॉर्मवर सही केली, आभार मानले आणि गेले. आभार कशाचे मानले, ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

चार महिन्यांनी माझी गाडी बिघडली. सकाळी सलमाबादला गॅरेजमध्ये सोडली आणि म्हटलं, शाळेची बस इथूनच जाते, तिनेच जाऊ. थांब्यावर मुलं उभी होती, त्यांत ती मुलगीही होती. सात वाजायला आले तरी बस नाही.

"आज उशीर झाला वाटतं," मी म्हणाले.

"नाही मॅडम, रोजचंच आहे. बस आधी रिफा भागातल्या मुलांना शाळेत सोडते, मग आमच्यासाठी येते."

शाळेत पोचलो तेव्हा पहिल्या तासाची वीस मिनिटं होऊन गेली होती. नववी-दहावीचा पहिला तास रोज गणिताचा. मुलं पाय न वाजवता मागच्या बाकांवर जाऊन बसली. फळा अर्धा भरला होता. बस शाळेचीच, म्हणून उशिराची नोंद होत नव्हती. हजेरीपटावर सगळी वेळेवर होती आणि मी तो हजेरीपटच वापरला होता.

घरी मुलीला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"एव्हरीबडी नोज, आई," ती म्हणाली. "तू कधी विचारलंच नाहीस."

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वेळापत्रक बदलू म्हणाले आणि खरंच बदललंही: पहिला तास पीटीचा झाला. पण यादीचं विचारलं तर त्यांनी हात झटकले. "बोर्डाकडे नावं गेलीत. खलास." मी बोर्डाला एक मेल केली. उत्तर आलं नाही. दुसरी करायची राहून गेली.

पुढच्या वर्षी सलमाबादची ओळ इतरांच्या जवळ आली. स्टाफ मीटिंगमध्ये सरांनी माझं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. मी उठून उभी राहिले आणि त्या घेतल्या.

यादीतल्या त्या मुलीने अकरावीला कॉमर्स घेतलं. बारावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तेव्हा स्टाफरूममध्ये मला भेटायला थांबली. चिपळूणला आत्याकडे राहून बी.कॉम. करणार होती.

"गणित सुटलं ना ग तुझं," मी म्हणाले.

"काय करणार मॅडम, ऑफिसातून यादी आली होती. पण तुम्ही बसचं बघितलंत म्हणून आता धाकट्यांना गणिताचा तास सुरुवातीपासून मिळतो. घरी सगळे तुमचं नाव काढतात."

ती यादी ऑफिसने नाही, मी केली होती. एवढंच सांगायचं होतं. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं, मला घाईही नव्हती. तिने वाकून नमस्कार केला आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा" म्हणाले.