निलेशच्या शेवटच्या चढाईविषयी दोन्ही गावांस निवेदन

प्रति, खारमोहोची गावकी आणि कांदळशेतची गावकी. तसेच पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून मेसईद, दोह्याचे ओल्ड एअरपोर्ट आणि कतारात अन्यत्र विखुरलेले दोन्ही गावचे बंधू यांस.

अर्जदार: हिराजी बाळाराम ठाकूर, मूळ राहणार खारमोहो, हल्ली मुक्काम मेसईद येथील कंपनीचा कॅम्प, हुद्दा टाइमकीपर, पूर्वीचा व्यवसाय तहसील कचेरीबाहेर अर्जलेखन. ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते: काशिनाथ ठाकूर, खारमोहो गावकीचे प्रमुख, नात्याने माझे चुलते. घटनेचा दिवस: फुटबॉल विश्वचषकाच्या आदल्या हिवाळ्यातील एक शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर. जखमी: मंगेश गोमा पाटील, कांदळशेत. मारणारा: निलेश काशिनाथ ठाकूर, खारमोहो. साक्षीदार: ब्रेंडन साहेब, सेफ्टी ऑफिसर, शिवाय दोन्ही गावचे झाडून सारे कामगार, ज्यांनी पाहिले ते, आणि पाहूनही नंतर पाहिले नाही म्हणाले तेही.

अर्ज लिहिण्याचा शिरस्ता असा, की मूळ कारण प्रथम मांडावे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी हा शिरस्ता मी कधी मोडलेला नाही; माझा एक अर्ज खुद्द प्रांतसाहेबांनी उभ्याने वाचला होता, हे कचेरीतील शिपाईसुद्धा सांगेल. तर मूळ कारण मी गाव सोडले त्या सकाळचे आहे.

आदल्या संध्याकाळी कांदळशेतच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना झाला होता. तो आमच्या भैरी मंडळाने जिंकला आणि त्यांच्या नवतरुण मंडळाने मंडप मोडून त्याच्याच बांबूंनी आमची पोरे झोडली. आमच्या गावाहून हायवेला जाणारी गाडीवाट एकच, आणि ती कांदळशेतच्या मधून जाते. विमान तर थांबणार नव्हते. बाबा म्हणाले की खिडकीशी मी बसेन, तू मध्ये बस. ओढ्यावरच्या साकवापाशी नवतरुण मंडळाचे प्रमुख गोमा पाटील, म्हणजे वर लिहिलेल्या मंगेशचे वडील, हातात दगड घेऊन उभे होते. दगड काचेतून आत आला आणि बाबांच्या भुवईवरचे हाड दिसेल इतकी कातडी फाटली. माझ्या नव्या पांढऱ्या शर्टावर रक्त उडाले. मी ड्रायव्हरला दवाखान्याकडे वळायला सांगू लागलो, तेव्हा बाबांनी माझे मनगट धरले.

"गारी थांबवू नको. रगात माझा हाय, विमान तुझा."

हायवेला ते उतरले, डोक्याला फडका गुंडाळला आणि खाडीच्या बांधावरून चालत परत निघाले. मागच्या काचेतून तो फडका लाल होताना मला दिसत होता. बाबांचे मला झालेले शेवटचे दर्शन ते.

ज्यांना आमची गावे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी नमूद करतो, की दोन्ही गावांच्या शेतांमध्ये एक मातीचा बांध आहे, आणि खाडीचे खारे पाणी अडवणारा दरवाजा, ज्याला आम्ही उघाडी म्हणतो, तो त्या बांधात आहे. सोयरीक होते, बाजार एक, देवीची जत्राही एक. मात्र कबड्डीचे मैदान आखले की माणसे बदलतात. एका वर्षी हरल्याच्या रागाने कुणी उघाडी मोकळी सोडली, आणि कांदळशेतचे पोटरीला आलेले भात खाऱ्या पाण्यात जळाले. त्यांनी उत्तरादाखल आमच्या दोन होड्यांचे तळ कुऱ्हाडीने फोडले. माझ्या आजोबांच्या पाठीवर वल्ह्याचा वळ होता. तो ते पाहुण्यांना सदरा वर करून दाखवीत.

मेसईदला आल्यावर दिसले की कांदळशेत माझ्याआधी पोहोचलेले आहे. एजंट दोन्ही गावांना एकच असल्याने कंपनीने आम्हाला एकाच बराकीत ठेवले होते. माझ्या खोलीत मंगेश. गावी त्याच्या अंगणातून पाणी मागितले नसते, इथे त्याच्या गॅसवर माझे सुके बोंबील भाजले जात. तो स्कॅफोल्डर होता, उंचावर लोखंडी पाइपांचे मचाण बांधणारा. संध्याकाळी हात सुजलेले असत, म्हणून त्याच्या पिठाचा गोळा मी मळून देई. गावातला सामना फोनवर पाहायचा असला की मात्र तो खोलीच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसत असू, आणि त्या रात्री चपात्या वेगळ्या होत.

स्टेडियमचे काम अंगावर आले तशी कंपनीने आमची माणसे तिकडे पाठवायला सुरुवात केली. पहाटेच्या बसमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागले. ज्यांचा देश स्पर्धेत नव्हता तेच त्या झेंड्यांवरून गळपट्टी धरीत. ब्रेंडन साहेबांना याचे हसू येई. ते आयर्लंडच्या एका खेड्यातले. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर टोकाला चपटी अशी एक लाकडी काठी टांगलेली होती. तिला हर्ली म्हणतात, आणि त्या काठीने चेंडू मारण्याच्या खेळात त्यांच्या गावचे आणि शेताच्या दगडी कुंपणापलीकडच्या गावचे पिढीजात वैर आहे, असे त्यांनी मला सांगितले. त्यांची आई त्या पलीकडच्या गावची. सामन्याच्या दिवशी आईवडील वेगवेगळ्या गाड्यांतून मैदानावर जात, आणि जो हरेल तो दुसऱ्याशी सोमवारपर्यंत बोलत नसे. मी त्यांना उघाडीची हकीकत सांगितली. ते म्हणाले की आमच्याकडे समुद्र दूर आहे म्हणून, नाहीतर आम्हीही हेच केले असते. साहेबांच्या देशातही खारमोहो आहे हे मला त्या दिवशी कळले.

विश्वचषकाच्या निमित्ताने कंपनीने कॅम्पमध्ये खेळांचा दिवस ठरवला. ब्रेंडन साहेब म्हणाले, तुमचा खेळ खेळा. बराकीमागच्या वाळूवर टँकरने पाणी मारून आम्ही मैदान दाबले, चुन्याने रेषा आखल्या. गावी हीच जमीन शेण आणि खाडीच्या चिखलाने आठ दिवस चोपत असू. पंच कोण, यावर मात्र वाद झाला नाही. दोन्ही बाजूंनी माझे नाव घेतले, कारण दोन्ही गावांचे रजेचे, पासपोर्टचे आणि बायकांना पाठवायच्या पत्रांचे लिखाण माझ्याच हातचे. मी दोह्यातून शिट्टी आणली आणि शर्टाला इस्त्री केली.

सामना अर्धाच खेळ होता, बाकीची मारामारी. पहिल्याच पकडीत आमच्या एकाचे बोट उलटे वळले. कांदळशेतच्या चढाईपटूला आमच्या तिघांनी उचलून रेषेबाहेर आपटले तेव्हा त्याच्या तोंडातून वाळू आणि रक्त एकत्र आले; तो थुंकला आणि पुन्हा उभा राहिला. कडेची माणसे आयाबहिणींवर आली. ज्यांनी सकाळी एकाच ताटात नाश्ता केला होता ते एकमेकांना होड्यांची आणि जळालेल्या भाताची आठवण देत होते. "खाऱ्या पान्याचा भात खाल्लेल्यांच्या अंगात दम कुठला रं," असे आमच्यातला कुणी ओरडला, आणि कांदळशेतची सारी बाजू रेषेपर्यंत सरकली. मी शिट्टी वाजवून त्यांना मागे रेटले.

शेवटची चढाई निलेशची होती. काशिनाथ काकांचा मुलगा, माझा चुलत भाऊ. त्याच्या नोकरीचा अर्जही मीच लिहिला होता. गुण बरोबरीत होते. त्याने दोघांना हात लावला, आणि मंगेशने त्याचा घोटा धरला. निलेश मध्यरेषेकडे सरपटत होता, तोंडाने कबड्डी, कबड्डी चालू होते. मी गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडाशी कान लावला होता. रेषेपासून वीतभर अंतरावर त्याचा दम सुटला. आवाज थांबला, त्याने श्वास आत घेतला, आणि मग त्याचा हात रेषेवर पडला. हे मी माझ्या कानांनी ऐकले. मी शिट्टी वाजवली आणि निलेश बाद असे जाहीर केले.

निलेश माझ्याकडे आला नाही. तो बाहेर गेला, आपल्या कामाच्या पट्ट्यातला मचाणाचे नटबोल्ट आवळायचा लोखंडी स्पॅनर काढून परतला, आणि मंगेश अजून वाळूत बसलेला असताना त्याच्या जबड्यावर मारला. पहिला आवाज हाडाचा झाला. दुसरा फटका मारण्याआधी कांदळशेतच्या दोघांनी निलेशला पाडले आणि त्याच्या छातीवर बूट नाचवले. मग बांबू आले, पाइप आले. माझी शिट्टी कुणीतरी दातांसकट आत ढकलली. समोरचे दोन दात आता खोटे आहेत. सिक्युरिटी येईपर्यंत चुन्याच्या रेषा कुठेच उरल्या नव्हत्या. ब्रेंडन साहेबांनी मंगेशचे डोके मांडीवर घेतले होते. वाळूतला तो स्पॅनर पाहून ते मला म्हणाले, "हिराजी, आमच्याकडे निदान मारायची काठी खेळातलीच असते."

दुसऱ्या दिवशी माझा लेखी जबाब मागितला गेला. आमची माणसे बराकीच्या दाराशी उभी राहून सांगत होती, की मंगेश मचाणावरून पडला असे लिही. खलास, कुणाचे काही जात नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे खरे-खोटे लिहिले आहे, परंतु ते त्यांच्या सहीने. हा जबाब माझ्या सहीचा होता. जे घडले ते लिहिले. निलेशला कंपनीने पहिल्या विमानाने परत पाठवले.

तो गावी पोहोचला आणि गावकीची बैठक बसली. बाळाराम ठाकूरचे घर वाळीत. माझ्या म्हाताऱ्या आईबापांशी कुणी बोलायचे नाही, गिरणीवर त्यांचे दळण घ्यायचे नाही, त्यांच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. असे असता बाबांनी अंथरूण धरले आणि महिनाभरात ते वारले. स्टेडियम ताब्यात देईपर्यंत सर्वांची रजा बंद होती. मला जाता आले नाही. आईचा फोन आला तेव्हा सकाळचे जेवणाचे डबे भरले जात होते. ती रडत नव्हती. ती म्हणाली की तिरडी बांधायलाही कुणी येत नाही, सगळ्यांची दारे लागली आहेत, दारांमागे माणसे आहेत.

मंगेश त्याच्या खाटेवर बसलेला होता. त्याचा जबडा तारांनी आवळून बांधलेला होता. पेज तो नळीने ओढत असे. त्याने माझे बोलणे ऐकले, स्वतःचा फोन घेतला, बापाला लावला आणि मिटलेल्या दातांतून मोठ्या कष्टाने बोलला.

"बाबा, हिराजीचा बापूस गेला. चार जन धाड."

गोमा पाटलांनी चार जण धाडले नाहीत. ते स्वतः आले, आणि त्यांच्यामागे बांधावरून कांदळशेतची माणसे आली. आई सांगते, की त्यांनी बाबांच्या तोंडावरचे कापड बाजूला करायला लावले, भुवईवरची खूण पाहिली, आणि पुढचा खांदा घेतला. खारमोहोच्या रस्त्यातून, खारमोहोच्या बंद दारांसमोरून, माझ्या बापाला कांदळशेतने नेले.

त्यानंतर काशिनाथ काकांचा फोन आला. आवाज मऊ होता. ते म्हणाले, मोठेपण सोड, एक ओळ लिही, की निलेशचा दम सुटला नव्हता, पंचाची चूक झाली, घर वाळीतून काढतो. मी नकार दिला तेव्हा म्हणाले, "जगासाठी अर्ज लिवतस, गावासाठी एक ओळ लिवता येत नाय तुला?"

काका, येत नाही. ती ओळ लिहिली तर मंगेशचा जबडा न्यायाने मोडला असे होईल, आणि माझ्या बापाला ज्यांनी उचलले ते चुकीचे लोक ठरतील. निलेशचा दम सुटला होता. आज विचाराल, दहा वर्षांनी विचाराल, मी हेच सांगेन. वाळीत टाकणे हा गुन्हा आहे आणि त्याचे कलम मला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी मी पोलिसांकडे गेलेलो नाही. पोलीस आले तर दहा घरांतली माणसे आत जातील, आणि मग माझ्या आईला त्या गावात कोणी कधीच हाक मारणार नाही.

गोमा पाटलांनी आईला आपल्या घरची मागची खोली देऊ केली. ती म्हणाली, चूल माझी हितंच हाय. मी इकडे घेऊन येण्याविषयी बोललो तर तिने फोनच ठेवला. विश्वचषक आला आणि गेला. आम्ही बांधलेल्या स्टेडियममध्ये लोक नाचले, ते मी कॅन्टीनच्या टीव्हीवर पाहिले. मंगेशचा जबडा आता डावीकडे जरा वाकडा बसला आहे. पीठ अजून मीच मळतो, आणि गावचा सामना असला तरी चपात्या आता एकत्र होतात. इथे मला ओळखणारी, माझे खरे-खोटे जाणणारी माणसे आहेत. असे असूनही कोणी घर कुठे विचारले, तर माझ्या डोळ्यांपुढे कॅम्प येत नाही आणि खारमोहोचे मैदानही येत नाही. आईचा तो ओटा येतो, ज्यावर इतक्या महिन्यांत खारमोहोच्या कुणाचे पाऊल पडलेले नाही. परवा ती फोनवर म्हणाली, "आज कनीतरी हाक मारली असा वाटला, बाला. बाहेर आली तं वारा होता."

सबब गावकीस नम्र विनंती, की माझ्याविषयी आपला जो निर्णय असेल तो कायम ठेवावा. मला वाळीत टाकावे, माझे नाव मंडळातून काढावे, मी परतलो तर साकवावर दगड घेऊन उभे राहावे. मी गाडी थांबवणार नाही. आजवर केलेल्या प्रत्येक अर्जात मी लेखी उत्तराचा आग्रह धरला आहे. या अर्जास लेखी उत्तर नको. आपल्यापैकी कोणी एकाने, काका स्वतः आले तर उत्तम, दिवसाउजेडी आमच्या ओट्याशी यावे आणि "जनाबाय, हायस का गं घरात?" असे मोठ्याने विचारावे. ती ओ देईल. तेवढे उत्तर मला पोहोचेल.

आपला,
हिराजी बाळाराम ठाकूर
मेसईद