हरणाबाई ट्युटोरियल करत नाही

हरणाबाईला कुणी ‘माझ्या मागं मागं या’ म्हटलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. का जाऊ नये? एकोणिसाव्या वर्षी, नवरा लिंबाजी हिवतापानं अंथरुणाला खिळलेला असताना, तिनं दीडशे मेंढरं येरमाळ्याहून थेट भीमेच्या काठापर्यंत एकटीनं नेली होती. रस्ता विचारायचा तर मेंढरांनाच. दोनदा वाट चुकली, एकदा कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली आणि पोटभर शिव्या खाल्ल्या. पण चार महिन्यांनी परतली तेव्हा कळपात सतरा कोकरं वाढली होती. त्यानंतर चाळीस वर्षं तिला वाट दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

मग गुडघे गेले. लिंबाजी त्याआधीच गेला होता. मेंढरं पुतण्याकडं गेली आणि हरणाबाई बाजेवर आली. आता घरात जो तो तिला शिकवतो. हळू बस. काठी धर. उंबऱ्याला पाय लागंल. ज्या बाईनं अर्धा जिल्हा पायाखाली घातला, तिला उंबरा ओलांडायची शिकवणी! म्हातारपण परवडलं, पण ही शिकवणी नको, असं ती म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही.

धाकटी लेक अयोध्या पुण्यातल्या एका गेम कंपनीचं काम घरूनच करते. तयार होत आलेल्या गेममधल्या चुका शोधून कळवायच्या, असं ते काम. कंपनीच्या नव्या गेममध्ये डोंगर, नद्या, जंगलं, गावं असं सगळं जगच होतं. खेळणाऱ्यानं पाहिजे तिकडं भटकावं, लढावं, राहावं. खेड्यातल्या वीस माणसांना तो कसा वाटतो ते बघायचं होतं. एकोणीस जमले. विसाव्या जागी अयोध्यानं आईच्या हातात कंट्रोलर दिला.

पडद्यावर हिरवंगार रान उगवलं आणि हरणाबाई बाजेवर ताठ बसली. तीन वर्षांत तिनं एवढं रान बघितलं नव्हतं. अंगठा सरकवला की पाय चालत होते आणि गुडघ्यातून कळ येत नव्हती. ती चार पावलं गेली असेल नसेल, तोच सगळं जागच्या जागी थिजलं. एक दाढीवाला बुवा पुढं आला आणि म्हणाला, “वीरा, चालायला शिक. माझ्या मागं ये.”

“ह्यो कोण मुडदा?”

“आये, त्येला ट्युटोरियल म्हणत्यात. कसं खेळायचं ते आधी शिकवतो. पाऊण तासानं सोडतो.”

“पाऊण तास? आगं, चालाया शिकायला कोकराला बी येवढा येळ लागत न्हाय!”

बुवानं चालायला शिकवलं. मान वळवायला शिकवलं. उडी मारायला, वाकायला, पाणी प्यायला. दर दोन मिनिटांनी पडदा थिजायचा, चौकट यायची, हे बटण दाबा. हरणाबाईनं दातओठ खात ते सगळं केलं, कारण पलीकडं डोंगर दिसत होता. मग बुवानं कुंपणातल्या मेंढ्यांपैकी एकीकडं बोट केलं. “वीरा, आता शिकार शिक. हिला मार.”

हरणाबाईनं मेंढी निरखली. खाली उतरलेलं पोट, जड चाल.

“गाभण हाय.”

“आये, गेममधली मेंढी हाय ती.”

“गाभण हाय म्हणते न्हवं! जत्रंला बोकड कापतो आमी, मटन बी खातो. पर गाभण मेंढीवर हात? आमच्यात आजपतूर कुणी टाकला न्हाय.”

ती मेंढी मारल्याशिवाय फाटक उघडत नव्हतं. अयोध्यानं कपाळाला हात लावला आणि तक्त्यात लिहिलं, खेळाडू क्रमांक वीस, सहाव्या पायरीवर अडकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरणाबाईनं आपण होऊन कंट्रोलर मागितला. बुवा बोलत राहिला आणि ती कुंपणाच्या कडेकडेनं संथ चालू लागली. रानात मेंढरांभोवती जाळी लावली, की ती रोज अशीच एक फेरी मारायची. जाळी कुठंतरी सैल असतेच. ती आपल्याला सापडली नाही, तर लांडग्याला सापडते. ओढ्यापाशी दोन दगडांच्या मध्ये तिला फट दिसली. अंग तिरकं करून ती घुसली आणि बाहेर पडली. नकाशा नाही, शिधा नाही, बुवाही नाही.

पुढचे तीन आठवडे दुपारच्या वेळी हरणाबाईला हाक मारायची सोय उरली नाही. पहिल्याच दिवशी ती अकरा वेळा मेली. नदीत बुडाली, अस्वलाला जाऊन भिडली, बर्फात काकडून मेली. कमरेला तलवार होती, पण ती काढायची कशी ते ठाऊक नव्हतं. बाराव्या दिवशी चुकून दोन बटणं एकदम दाबली गेली आणि तलवार हातात आली. तेव्हा ती अशी ओरडली, की शेजारची सिताबाई पिठाच्या हातांनी धावत आली. हरणाबाई सुखात होती, याला दुसरा शब्द नाही.

पण अयोध्याची नोकरी चुका शोधायची, आणि कुंपणातली फट ही चूकच. तीन आठवडे तिनं ती दडवली, शेवटी मन खायला लागलं तेव्हा कळवून टाकली. नव्या आवृत्तीत फट बुजली आणि खेळ पहिल्यापासून सुरू झाला. हरणाबाई पुन्हा बुवाच्या तावडीत.

“एक मेंढी मार आन जा की बाहीर,” लेक म्हणाली. “बटनच तर दाबायचंय.”

“तू दाब. म्या न्हाय दाबायची.”

“मग रान न्हाय दिसायचं तुला.”

“न्हाय दिसलं तर न्हाय.” तिनं शब्द मागं घेतला नाही. तेवढं एकच रान तिला उरलं होतं. त्यानंतर नऊ दुपारी ती त्या कुंपणातच बसून राहिली. मेंढ्या ओढ्यावर न्यायची, सावलीला आणायची. बुवा कोकलत होता.

दहाव्या दिवशी अयोध्याच्या साहेबांचाच व्हिडिओ कॉल आला. अमरनाथ त्यांचं नाव, मूळचे उमरग्याकडचे. नऊ दिवस एकाच पायरीवर बसलेला खेळाडू त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

“आजी, ती मेंढी गाभण नाही हो. आमच्या चित्रकारानं पोट जरा मोठं काढलंय, एवढंच.”

“त्यानं कुठली मेंढी बघून काडली ती? इचारा त्येला.”

चित्रकार शेजारच्याच टेबलावर होता. साहेब त्याला विचारून आले. “मामाच्या गावी फोटो काढले होते म्हणतो. त्याच आठवड्यात व्याली ती.”

“मंग! आन बाकीचे एकुणीस जन? त्येंचं काय झालं?”

अयोध्यानं तक्ता वाचला. तेरा जणांनी शिकवणी संपायच्या आतच खेळ सोडला होता. बेंबळीच्या एकानं शेवटी लिहिलं होतं, खेळ कधी सुरू होणार?

“पण काहीच न शिकवता सोडलं तर माणसं गोंधळतात, आजी. साधी तलवार काढायला तुम्हाला बारा दिवस लागले.”

“लागले. आन निघाली तवा म्या वरडले. तुमच्या बुवानं पहिल्याच दिशी सांगितलं असतं, तर वरडले असते का? माझा आनंद त्यो आधीच खाऊन बसला असता!”

“सगळे तुमच्यासारखे नसतात.”

“नसू द्यात. कोकरू आमी बी दोन दिस डालग्याखाली झाकून ठिवतो. तिसऱ्या दिशी कळपात सोडतो. जास्ती झाकलं तर त्ये पाय धरत न्हाय. शिकवू नगा असं कुठं म्हणते म्या? ज्याला पायजे त्यो इचारंल बुवाला. पर फाटक उघडं ठिवा, साहेब. मानसाला चुकू द्या. चुकल्याबिगर रान आपलं हुत न्हाय.”

बघतो, असं साहेब म्हणाले. साहेबलोकांच्या ‘बघतो’ची किंमत हरणाबाईला ठाऊक होती. तिनं मेंढ्या पुन्हा ओढ्यावर नेल्या.

महिन्यानं नवी आवृत्ती आली. बुवा झाडाखाली गप्प बसलेला, मेंढ्या निवांत चरत असलेल्या आणि फाटक सताड उघडं. बाहेरचं रानही नव्यानं मांडलेलं. अयोध्यानं ते आधीच तपासलं होतं. फाटकापासून पन्नास पावलांवर, उंच गवताआड दरी आहे, हे तिला माहीत होतं. आई सरळ तिकडंच निघाली. आये, डावीकडनं जा, हे शब्द अयोध्याच्या ओठांपर्यंत आले. तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

हरणाबाई गवतात शिरली आणि धाडकन दरीत गेली. पडदा काळा झाला. आणि बाज करकरेल एवढ्यानं ती हसत सुटली.

“बघितलंस, आयोध्ये? कुणीच सांगितलं न्हाय मला!”