तारेनं बांधलेली कडी

आतल्या खोलीच्या कडीचे बोल्ट माझ्या लेकीनं, सुनंदानं, तारेनं एकमेकांना बांधलेत. तार वेणीसारखी पिळलेली आहे. "विमानात असेच बांधतात, आई. एक बोल्ट ढिला व्हायला लागला की तार त्याला मागं ओढते," असं ती म्हणाली होती.

मोठ्या कॉलेजची फी झेपणारी नव्हती, म्हणून ती आयटीआयच्या वाटेनं गेली. आता शहरात विमानांच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ, मग परीक्षा, मग लायसन. ती निघणार हे काल कळलं, तसं आमच्या ह्यांनी मुसळ उचललं.

"पोरीच्या जातीनं विमानं खोलायची? हातच मोडून ठेवतो तुझे!"

पहिला घाव तिच्या मनगटावर बसला. मी तिला आत ओढलं आणि कडी लावली. मग दारावर मुसळ, लाथा, शिव्या. भिंतीचे पोपडे आमच्या डोक्यावर पडले. कडी खडखडली, पण निघाली नाही.

आज मी ती तार बघत बसले. विमान हादरणारच, हे धरूनच ते बांधतात म्हणे. मी मात्र दर वेळी, आता हे मारणार नाहीत, असं धरून संसार केला. फुटलेला ओठ पदरानं झाकला की झालं.

सुनंदा पहाटेच्या एसटीनं गेली, सुजलेला हात ओढणीत बांधून. दुपारी जेवताना ह्यांनी विचारलं, "कुठंय ती?"

"गेली शिकायला."

त्यांनी ताट भिंतीवर भिरकावलं. आमटी ओघळत खाली आली. मी ताट उचललं नाही.