गुणाजी मामाचा हलका पाय

माझा मामा गुणाजी हा पेणमधला सगळ्यात हळू गाडी चालवणारा माणूस आहे आणि तो मेकॅनिकसुद्धा आहे. हे दोन्ही एकाच माणसात कसं बसलं ते आधी सांगते.

बावीस वर्षं त्याने पेणच्या कारखान्यांतून कच्चे गणपती टेम्पोत भरून मुंबईला पोचवले. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती, मध्ये मध्ये पेंढा, आणि खाली आपला रस्ता, त्याबद्दल मी काय बोलू. अशा गाडीचा क्लच सोडायचा तो असा की गाडी निघाली हे मूर्तीलाही कळता कामा नये. "बावीस वर्षांत एक बोट मोडलं नाय, उंदराची शेपटीपण नाय," हे तो लग्नात सांगतो, बारशात सांगतो, दवाखान्याच्या लायनीत अनोळखी माणसाला सांगतो. मग कंबर गेली, टेम्पो विकला, रामवाडीत गॅरेज टाकलं. पाय मात्र तसाच राहिला. गिऱ्हाईकं पण सगळी मूर्तीवाल्यांचीच, त्यांच्या गाड्या तिशीच्या वर जातच नाहीत, म्हणून कुणाची कधी तक्रार आली नाही.

तक्रार घेऊन आले रोह्याचे अहमदचाचा. त्यांची हफ्सा माझ्या वर्गात आहे. चाचा अठ्ठावीस वर्षं मस्कतला नोकरीला, आणि गेल्या सुट्टीत त्यांनी लहानपणापासूनची एकच हौस पुरी केली. पंचवीस वर्षं जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पंगतीला जमिनीवर बसल्यासारखं. दिसायला एक नंबर, पण झटके मारायची. अ‍ॅक्सिलेटर दाबला की धाडकन उडी, सोडला की धाडकन मागे. सुरैय्याचाची एकदाच बसल्या, रोहा ते नागोठणे, आणि तेव्हापासून मानेला पट्टा. त्यांनी सरळ सांगितलं, "तुम्ही पुढच्या मंगळवारी मस्कतला जाल, ही अंगणात माझ्या उरावर नको. एकतर धड करा, नायतर काढून टाका."

चाचांनी काढायचं ठरवलं. पुण्याचा माणूस पुढच्या रविवारी बघायला येणार होता. हफ्साच्या घरी हे सांगताना चाचा बोनेट पुसत होते, एकच जागा, परत परत. मला ते बघवेना. मी बोलून गेले, "चाचा, माझा मामा करेल, शंभर टक्के." मामाला विचारलं पण नव्हतं.

मामाने सोमवारी गाडी बघितली. प्लग काढले, ठीक. कॉइल ठीक. क्लचप्लेट ठीक. खाली झोपून शाफ्टचा जॉइंट हलवून बघितला, ठीक. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती दोन फाउंडेशनं पान्याने ठोकून बघितली. "टणटणीत हाय," म्हणाला. मग ट्रायल. सीटा दोनच, त्यामुळे मामा आणि चाचा आत, आणि मी मागून स्कूटीवर. देवाशप्पथ सांगते, वडखळपर्यंत मला सारखा ब्रेक मारायला लागत होता. एक जण सायकलवरून आला आणि त्या लाल स्पोर्ट्स गाडीच्या पुढे निघून गेला. वर वळून बघितलं पण त्याने.

परत आल्यावर मामा हात पुसत म्हणाला, "लोण्यासारखी हाय गाडी. चाचा, पाय जड हाय तुमचा."

"माझा पाय जड?" चाचा म्हणाले. "अरे गुणाजी, स्पोर्ट्सची गाडी हाय ती. पाय नाय द्यायचा तर काय हात जोडायचे?"

"झटका आला का आत्ता? सांगा ना."

"येईल कसा? तू गाडी चालवलीस कुठं, तू तर मिरवणूक काढलीस."

गुरुवारी परत तेच. मामाने परत फाउंडेशन ठोकलं, परत टणटणीत, परत वडखळ, परत लोणी. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. एका टपरीवर समोरासमोर चहा पीत होते आणि निरोप माझ्यामार्फत.

"समे, तुझ्या मामाला सांग, रविवारी पार्टी येतेय."

"समे, चाचांना सांग, पार्टीला सांगा गाडीत काय दोष नाय. दोष मालकात हाय."

मी म्हटलं, "मामा, तू जरा जोरात चालवून तर बघ."

"जोरात चालवून मोडायला अक्कल लागत नाय."

मला एवढा राग आला की मी घरी जाऊन जेवले नाही. म्हणजे आठ वाजेपर्यंत नाही.

शनिवारी सकाळी मात्र चाची स्वतः आल्या. मानेला पट्टा लावूनच. गॅरेजच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गुणाजीभाऊ, ह्यांचा पाय बाजूला ठेवा, माझ्या मानेला विचारा. चला, मी बसते, तुम्ही चालवा. पण हे चालवतात तशी."

मामा चाचरला. "भाभी, तुमची मान..."

"मी मूर्ती नाय, भाऊ. मोडले तर ओरडेन. मूर्ती ओरडत नाय."

वडखळच्या पुढे रस्ता मोकळा होता. चाचा माझ्या मागे स्कूटीवर. मामाने आधी मिरवणूकच काढली. मग खिडकीतून चाचींचा हात पुढं पुढं असा हलताना दिसला, आणि मामाने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या गेअरमध्ये पाय दिला. गाडीने अशी उडी मारली की मला मागून मामाचं डोकं सीटवर आपटलेलं दिसलं. घाबरून त्याने पाय काढला, तर गाडी मागे ओढल्यासारखी दचकली. मग कडेला घेऊन थांबला.

आम्ही पोचलो तर चाची पट्टा सारखा करत होत्या आणि मामा अजून स्टिअरिंग धरून. मग तो उतरला, बोनेट उघडलं आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा चाचांशी थेट बोलला. "आत बसा. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून धरा. पहिला गेअर टाका, अ‍ॅक्सिलेटर द्या आणि क्लच थोडा सोडा."

चाचांनी दिला. इंजिन थरथरलं फक्त.

"अजून द्या. तुमच्या पायाने द्या हो."

चाचांनी दिला. आणि इंजिन एका बाजूने उठलं, खाटेवरून माणूस उठतो तसं. डावीकडचं फाउंडेशन मधोमध उघडलं, दोन बोटं जातील एवढं. रबर आरपार फाटलं होतं. चाचांनी पाय काढला, इंजिन धपकन बसलं आणि फट अशी मिटली की कुणी म्हणणार नाही इथे काही आहे. दोनदा ठोकून मामा म्हणाला होता टणटणीत. इंजिनचं वजन वर असेपर्यंत ती फट दिसणारच नव्हती, आणि मामाच्या पायाने इंजिन उठणारच नव्हतं.

मामा वाकून बघत राहिला. "मी हिला उठवलंच नाय," म्हणाला. "झोपेत तपासत होतो." मग चाचांकडे न बघता, "चुकलं माझं. पाय जड बोललो."

मला हसू पण येत होतं आणि रडू पण. चाचा म्हणाले, "सोड रे, जड हायच थोडा."

त्या गाडीचं फाउंडेशन इथे कुठून मिळणार. मामाने गणपतीवाल्या टेम्पोचं एक काढलं, भोकं जुळेनात, तर जाड लोखंडी पट्टीला ड्रिल मारून बसवलं. चार तास गेले. चाची बाकड्यावर बसून त्याला सूचना देत होत्या, जणू खिमा शिजतोय. गाडी जाग्यावर थोडी थरथरते आता, टेम्पोचं रबर कडक आहे, ते मामाने आधीच सांगून ठेवलं. पण संध्याकाळी चाचांनी मनासारखा पाय दिला, सोडला, परत दिला, आणि शेजारी चाची नुसत्या बसून होत्या. परत येऊन त्यांनी मानेचा पट्टा काढला आणि चाचांचा फोन मागितला. पुण्याच्या माणसाला त्यांनीच लावला.

"उद्या येऊ नका. गाडी द्यायची नाय." थोडं ऐकलं. "नाय, भाव वाढवून पण नाय."

चाचा बोनेटवर हात ठेवून उभे.

"पण मी मंगळवारी गेल्यावर चालवणार कोण हिला?" शेवटी म्हणाले.

"मी," चाची म्हणाल्या. "दोन दिवस हायत तुमच्याकडे, शिकवा."

मामा पुढे झाला. "भाभी, मी शिकवतो की नंतर."

"नको भाऊ," चाची गाडीत बसत म्हणाल्या. "तुमच्याकडून शिकले तर पेणला यायला मुक्काम करायला लागेल."