त्रिवेणीने न केलेला चिवडा

त्रिवेणीचं लग्न कुणाशी होणार हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलं होतं, आणि सतराव्या वर्षापर्यंत त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नव्हतं. कुसुमआत्याचा ओमकार तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. बेगम बाजारात त्रिवेणीच्या वडिलांचं, नामदेवरावांचं, मिरची-चिंचेचं ठोक दुकान होतं, आणि कॉलेज सुटलं की ओमकार मामाच्या दुकानात येऊन बसायचा. आत्याचा मुलगा म्हणजे हक्काचा नवरा, ही रीत शेजारच्या तेलुगू घरांत होती तशीच उदगीरकडून आलेल्या या मराठी घरांतही होती. कुणी पत्रिका बघितली नव्हती की सुपारी फोडली नव्हती. सूर्य उगवतो तसं ते ठरलेलं होतं.

पोरगी मोठी गोड होती. गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, त्रिवेणीच्या हाती किल्ल्या देऊन ती बिनघोर तीर्थाला गेली असती. घरात मराठवाडी, दारात दखनी, शाळेत तेलुगू आणि वहीत इंग्रजी असं चार भाषांचं कडबोळं ती सहज पचवायची. फक्त नात्याबाहेरची मराठी बोलणारी मैत्रीण तिला कधी मिळाली नव्हती. ती शहाण्णव सालच्या जूनमध्ये मिळाली.

तेव्हा हैदराबादेत रोज काहीतरी नवं उघडत होतं. रसिकाचे बाबा, सुधीर, एका नव्या कंपनीत संगणकाच्या कामासाठी पुण्याहून आले आणि कुकटपल्लीत फ्लॅट घेऊन राहिले. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्यावी ती दिलसुखनगरच्याच क्लासने, असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं, म्हणून रसिका बिचारी बसने अख्खं शहर ओलांडून यायची. पहिल्याच दिवशी तिने त्रिवेणीला क्लासच्या ऑफिसातल्या फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकलं आणि दप्तर उचलून थेट तिच्या बाकावर येऊन बसली. आठ दिवसांत दोघी एका डब्यात जेवायला लागल्या. रसिका हसरी, फटकळ आणि जीव लावणारी. तिच्यासमोर त्रिवेणी 'करायले' ऐवजी 'करतेय' म्हणायला शिकली. घरची त्रिवेणी वेगळी आणि बाकावरची वेगळी, असं झालं. बाकावरची जरा जास्त शहाणी होती आणि तिला तीच जास्त आवडायला लागली होती.

आणि तिथेच पहिली माशी शिंकली. वर्गातल्या एका तेलुगू मुलीने आपण मामेभावाशी लग्न करणार असल्याचं सांगून पेढे वाटले. रसिकाने पेढा खाल्ला, अभिनंदन केलं, आणि बाकावर आल्यावर हळूच म्हणाली, "ई, भावाशीच?" तिच्या घरात चुलत, मावस, आते, मामे सगळे भाऊ एकाच माळेचे मणी, सगळ्यांना राखी, सगळ्यांना ओवाळणी. महाराष्ट्रातही कितीतरी घरांत मामाची मुलगी करतात, हे तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं. मनात काही वाईट नव्हतं तिच्या. पण ते 'ई' त्रिवेणीच्या छातीत काट्यासारखं रुतलं. तुमच्यातही असतं का असं, म्हणून रसिकाने विचारलं, तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, नाही बाई, आमच्यात नाही असलं काही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुसऱ्याच आठवड्यात रसिका दुकानात आली, ओमकारने दोघींसाठी चहा सांगितला, तिखटाने शिंकून शिंकून लाल झालेल्या रसिकाला पाणी दिलं, आणि तिने विचारलं हा कोण. आतेभाऊ, असं त्रिवेणीने सांगितलं. म्हणजे भाऊच की, रसिका म्हणाली. त्रिवेणी हो म्हणाली.

एकदा भाऊ म्हटल्यावर रसिकाने तरी का मागे राहावं? पोरगा उंच, मिशी नुकती फुटलेली, पोती उचलून दंड भरलेले, आणि बोलायला इतका कमी की कुणालाही तो खोल वाटावा. बसमध्ये तिने त्रिवेणीचा हात धरून सांगून टाकलं की तुझा भाऊ मला आवडतो. आणि तुझ्याशिवाय हे मी कुणाला सांगणार? खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं असतं तर ते 'ई' आता तिच्याच तोंडावर आलं असतं. ती गप्प बसली, आणि रसिकाने त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतला.

मग डबे सुरू झाले. रसिकाला एकच गोष्ट उत्तम जमायची, पातळ पोह्यांचा चिवडा: खोबऱ्याचे काप, काजू, कढीपत्ता आणि वरून पिठीसाखर. तो ती दर शनिवारी स्वतः करायची आणि त्रिवेणीच्या हाती ओमकारसाठी द्यायची. पहिल्यांदा तिने बजावलं, लगेच नाव सांगू नकोस, आधी आवडतो का बघ, मग सांग. त्रिवेणीने डबा दुकानात नेऊन ठेवला. ओमकारने खाल्ला, बोटं चाटली, आणि म्हणाला की साखर जरा जास्त झाली पण चालेल, तुझ्या हातचा आहे ना.

तुझ्या हातचा! त्रिवेणीने तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मभर ज्याने तिच्याकडे घरातल्या घड्याळासारखं बघितलं होतं, तो आता मान वर करून तिच्याकडे बघत होता. शनिवारी दुकानाच्या पायरीवर तो वाट बघत उभा राहायला लागला. एकदा तर त्याने तिच्यासाठी गुलाबी रिबिनी आणल्या आणि द्यायचं धाडस न झाल्यामुळे तिच्या आईच्या हाती दिल्या. इकडे रसिका विचारायची, सांगितलंस का माझं नाव? सांगितलं, त्रिवेणी म्हणायची. मग काय म्हणाला? लाजला, त्रिवेणी म्हणायची. यात लाजला हे खरं होतं, एवढंच. कुणासाठी लाजला ते तिने सांगितलं नाही. एक खोटं झाकायला दुसरं आणि दुसऱ्यावर तिसरं, असं करत ऑगस्ट उजाडला.

राखीपौर्णिमेला कुसुमआत्या दरवर्षी काचीगुड्याहून भावाला राखी बांधायला यायची, आणि तिला घेऊन ओमकार. रसिकाला हे कळल्यावर ती काय घरी बसणार? चांगला निळा ड्रेस घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन ती हजर. आत्याने नामदेवरावांना ओवाळलं, राखी बांधली, ओवाळणीवरून बहीणभावांची नेहमीची थट्टा झाली. आणि मग रसिकाने पर्समधून एक भलीमोठी चमचमती राखी काढून त्रिवेणीच्या हातात ठेवली. तू अजून घेतली नाहीस म्हणत होतीस ना, मीच आणली, बांध आता ओमकारला, असं ती कौतुकाने म्हणाली.

या घरात त्या राखीचा अर्थ काय होतो, हे रसिका सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा ती मनगटावर बसली की लग्न मोडलं, पुन्हा विषय नाही. आत्याचा चेहरा उतरला. आईने हातातलं तबक खाली ठेवलं. नामदेवरावांनी पेपर उघडला आणि उलटा धरला. पाहुण्या पोरीला तोंडावर कसं सांगायचं, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. सांगू शकणारी एकच होती, आणि ती राखीकडे बघत उभी होती.

नाही म्हणावं तर दोन महिन्यांचं खोटं रसिकासमोर उघडं पडणार. बांधावी तर ओमकार गेला. मला त्या पोरीची कीव येते आणि रागही येतो, कारण तिने राखीचा दोरा खरोखर उलगडला आणि ओमकारपुढे जाऊन उभी राहिली. आपण काय करायलोय हे कळत असूनही उभी राहिली. ओमकारने हात पुढे केला. आवाज मुळीच न चढवता तो म्हणाला, "तू बांधली तर मी बांधून घेतो. नक्को म्हणणार नाही. पण मंग दर शनवारी माझ्यासाठी डबे करून कायकू आणत होतीस?"

रसिकाने त्याच्याकडे बघितलं, मग त्रिवेणीकडे. एवढ्यावरून तिला सगळं कळलं, हुशार होती. रंग पार उडाला तिचा. चिवडा माझा होता, हे तीन शब्द ती म्हणू शकली असती आणि त्रिवेणी भर घरात उघडी पडली असती. सिनेमात असतं तर तिने ती राखी घेऊन स्वतः ओमकारला बांधली असती आणि मागे सनई वाजली असती. तसलं काही झालं नाही. तिने त्रिवेणीच्या हातातून राखी काढून घेतली, आत्याला म्हणाली की चूक माझीच, आमच्याकडे सगळ्याच भावांना बांधतात, मला माहीत नव्हतं. मग समोरचा चहा पूर्ण पिऊन, सगळ्यांना नमस्कार करून ती गेली. त्रिवेणीकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

ती गेल्यावर आत्याला हसू आवरेना. पोरगी नवऱ्याला आत्तापासून डबे करून घालते आणि मला पत्ताच नाही, म्हणून तिने त्रिवेणीची अलाबला घेतली, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ओमकार कानापर्यंत लाल झाला. आई पदराआड हसली. सगळं घर तिचं कौतुक करत होतं आणि त्रिवेणीला वाटत होतं धरणी दुभंगावी.

दुसऱ्या दिवशीपासून रसिका क्लासमध्ये पलीकडच्या बाकावर बसायला लागली. त्रिवेणी एकटी डबा खायची, म्हणजे उघडायची आणि झाकायची. रविवारी घरात खोटं न सांगता, रसिकाकडे जाते म्हणून सांगून ती कुकटपल्लीची बस धरून गेली. दार रसिकाच्या आईने, नीलिमाताईंनी उघडलं, आणि काही न विचारता आतल्या खोलीकडे बोट केलं.

रसिका खिडकीपाशी बसली होती. त्रिवेणीने माफी मागायला सुरुवात केली, पण तिने थांबवलं. म्हणाली की तुझं लग्न त्याच्याशी ठरलंय हे कळलं असतं तर मी हसले असते, खोटं कशाला बोलू, दोन दिवस हसले असते. मग माझं मीच गप्प बसले असते. पण तू मला दोन महिने कढईपुढे उभं केलंस आणि तो लाजतो म्हणून सांगितलंस. मी रात्री झोपायचे नाही गं त्या लाजण्यावर, असं म्हणताना तिचा आवाज फुटला.

त्रिवेणीने तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच विरुद्ध साक्ष दिली, आणि तीही घरच्या भाषेत, कारण बाकावरची भाषा त्या क्षणी तिला सापडेना. ती म्हणाली, "पहिल्या डब्याला मी लाजंनं गप बसले. दुसऱ्यापासून तसं नव्हतं. तो माझ्याकडं तसा बघायला लागला होता, अन् मला ते पाहिजे होतं. तुझ्या चिवड्यावर मी माझं करून घेतलं."

रसिकाने विचारलं, ते डबे अजून तो कुणाचे समजतो? माझे, त्रिवेणी म्हणाली.

"मग आधी तिथे सांग," रसिका म्हणाली. "मला सॉरी म्हणणं सोपं आहे. मी तर सगळं ओळखूनच बसलेय."

बसमध्ये त्रिवेणीने स्वतःला अनेक कारणं दिली. आता सांगून कुणाचं भलं होणार? लग्न ठरलेलं आहे, आत्या खूश आहे, पोरगा खूश आहे. रसिका काय, वर्षभराची मैत्रीण, परीक्षा झाली की कुठल्या कुठे जाईल. कारणं सगळी बिनतोड होती. पण त्या बाकावर एकटीने बसायचं तिला जमत नव्हतं, आणि त्या पायरीवर उभ्या राहणाऱ्या ओमकारकडे तर बघवतच नव्हतं.

शेवटी शुक्रवारी तिने दुकानात जाऊन, मिरचीच्या पोत्यांमध्ये उभी राहून त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने एवढंच विचारलं, "एक बी डबा तुझा नव्हता?" एक बी नाही, ती म्हणाली. त्याने हात झटकले, मामाला सांगून गोदामात गेला, आणि ती निघेपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पायरी रिकामी होती.

सोमवारी क्लास भरला तेव्हा त्रिवेणी पलीकडच्या बाकाजवळ गेली. सांगितलं, म्हणाली. मग, रसिकाने विचारलं. उठून गेला, अजून बोलत नाही. रसिकाने शेजारी ठेवलेलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. त्रिवेणी बसली. फळ्यावर सर काहीतरी भराभर लिहीत होते.

"म्हणजे आता तो तुझाही नाही नि माझाही नाही," रसिका पुटपुटली.

तेलही गेलं, तूपही गेलं, अशी दोघींची गत. त्रिवेणीला आधी रडू आलं, मग रसिकाचं तोंड बघून हसू आलं, आणि मग दोघींना ते आवरेचना. सरांनी दोघींना वर्गाबाहेर काढलं. जिन्यात बसून त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. ओमकार महिन्याभरात परत बोलायला लागणार होता, हे बेगम बाजारातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं. त्रिवेणीला ते ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की तो आला नाही तर आपण खूप रडणार, आणि त्या रडण्यातलं आता रसिकापासून काही लपवावं लागणार नाही.