खारट बाळाला रकाना नाही

रोहणा गावच्या कांताताई तेरा वर्षं आशा आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम करतात. मीही आशाच, शेजारच्या गावची. बाळंतिणीच्या घरी दीड महिन्यात सहा-सात फेऱ्या मारायच्या, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, फॉर्मातले रकाने भरायचे. कांताताईंचा रकाना कधी रिकामा राहिला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्यांच्या पहिल्या नातवाचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. शेजारच्या आनंदाबाईंनी निकाल देऊन टाकला, आईच्या खाण्यातलं मीठ दुधात उतरतंय म्हणे. बाळंतिणीच्या ताटावर आमच्याकडे सगळ्या गल्लीचा हक्क. कांताताईंनीही ऐकलं आणि सुनेला, मयुरीला, अळणी वरण-भात सुरू केला. पोराचा खोकला हटेना, वजन चढेना. कुणी न्यूमोनिया म्हटलं, कुणी टीबीची औषधं दिली. अकराव्या महिन्यात, मे महिन्याच्या उन्हात, ते गेलं.

पुढे मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी जुने कागद पाहून सांगितलं, हा फुप्फुसाचा आनुवंशिक आजार असावा. आई-बाप धडधाकट असले तरी दोघांकडून मिळून येतो, पुढच्या लेकरालाही होऊ शकतो. अशा बाळाच्या घामातून मीठ निघून जातं. त्याचं मीठ तोडायचं नसतं, उलट त्याला द्यायचं असतं. जन्मल्यावर टाचेतलं थेंबभर रक्त तपासलं की संशय येतो, घाम तपासला की खात्री होते.

थेंबभर! रक्ताच्या सिकलसेल आजारासाठी शाळेत येऊन पोरांची बोटं टोचतात, टोचायलाच हवीत. मग या एका थेंबाला कुणाला सवड का नाही? वर तोंड करून सांगतात, आपल्याकडे हा आजार नसतो. शोधलाच नाही तर सापडेल कुठून?

यंदा नात झाली. सातव्या दिवसाच्या फेरीत कांताताईंनी तिच्या कपाळाला ओठ लावले आणि ते पुन्हा खारट झाले. मग त्यांनी फॉर्माच्या कोऱ्या कडेला लिहिलं, बाळ खारट लागते. घामाच्या तपासणीची चिठ्ठी मागितली, तर आरोग्य केंद्रावर म्हणाले, सगळे रकाने बरोबर आहेत, चिठ्ठी कशाची? महिन्याच्या बैठकीत केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी तोच फॉर्म उंच धरून विचारलं, हा नवा रकाना कुणी काढला. बाया हसल्या. त्यांत मीही होते, त्याची लाज अजून जात नाही.

कांताताई उभ्या राहिल्या.

"साहेब, पयल्या नातवाचा फॉर्म मी बराबर भरलता. एक बी रकाना चुकला नाई. तो पोरगा तुमच्या कपाटात ठणठणीत आहे. माह्या घरी नाई."

साहेबांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली. तपासणीत तोच आजार निघाला. दीड महिन्याच्या आत औषधं सुरू झाली, आणि आता मयुरी मोजून मीठ देते. नात चार महिन्यांची झाली, वजन चढतंय.

मीही आता प्रत्येक बाळाच्या कपाळाला ओठ लावते आणि फॉर्माच्या कडेला लिहिते. रकाना अजून आलेला नाही.