सुषमाताईंचा इब्राहिम

नर्स मंडळींकडे किस्से साठतात ते फ्रिजमध्ये उरलेल्या भाज्यांसारखे. रोज वाटतं, उद्या संपवू. तर उद्या आणखी एक डबा! आमच्या शनिवारच्या क्लासचे तर डब्यांवर डबे झालेत.

क्लास म्हणजे काय, तर इथं आखातात, जाब्रियातल्या सुषमाताईंच्या घरातला हॉल. ताई देवरुखच्या, आमच्या हॉस्पिटलातल्या सीनियर नर्स. इथं कॉलेजात शिकणाऱ्या आफ्रिकन मुली येतात आणि एचआयव्हीपासून स्वतःला कसं जपायचं ते आम्ही दोघी सांगतो. फुकट, चहा धरून!

*

पहिल्या शनिवारी मी मोठ्या हौसेनं स्लाइड्स नेल्या. विषाणू असा दिसतो, असा शिरतो. मागे झैनब बसली होती, नायजेरियाची. आवाज इतका बारीक की ऐकायला एसी बंद करावा लागला.

"मॅडम, आम्ही फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. हे सगळं आम्हाला परीक्षेला असतं. होणाऱ्या नवऱ्याला 'आधी टेस्ट कर' कसं म्हणायचं, ते कुणीच शिकवत नाही."

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. ताईंनी सरळ लॅपटॉप मिटला. "बरोबर बोलत्ये ती. उचल गो तुझा विषाणू!"

*

झैनबचं लग्न ठरलं होतं. मुलगा इब्राहिम, लागोसला. टेस्टचं विचारावं तर त्याला अपमान वाटून लग्न मोडायची भीती, न विचारावं तर जन्माची धाकधूक. बिचारी पार कात्रीत सापडली होती.

ताई म्हणाल्या, "प्रॅक्टिस करू. मी इब्राहिम." आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकाला पुरुष कमी पडतात, त्यामुळे सगळे खलनायक ताईच करतात. त्यांनी असा घोगरा आवाज लावला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?", की झैनब "सॉरी" म्हणून खालीच बसली!

"सॉरी कसली? ऊठ. परत!"

पुढे दर शनिवारी इब्राहिम चिडायचा, रडायचा, लग्न मोडायची धमकी द्यायचा. झैनब मात्र हळूहळू बसायची बंद झाली.

*

कंडोम कसा वापरायचा हे दाखवायला एकदा हाताशी काहीच मिळेना. ताईंनी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्या दिवशी ताईंचे यजमान निमूटपणे बाजारातून नवीन लाटणं घेऊन आले. "हे पोळ्यांचं. ते क्लासचं. अदलाबदल झाली तर मी बाहेर जेवेन!"

*

मंडळाच्या हळदीकुंकवाला एका वहिनींनी नाक मुरडलं. "त्या काळ्या मुलींनाच शिकवता ना? त्यांच्यातच असतं ते."

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. "विषाणू पासपोर्ट बघून शिरत नाही, वहिनी. आणि त्या मुली प्रश्न तरी विचारतात. तुम्ही या की शनिवारी, तुमचा नवरा मी होते!"

शनिवारी वहिनी खरंच आल्या, लेकीला घेऊन. दारातच लेक म्हणाली, "आई, यू गो होम. धिस इज फॉर मी." वहिनी गेल्या नाहीत. दोघी बसल्या, अगदी पहिल्या रांगेत.

*

परीक्षा संपली आणि झैनब फोन घेऊन आली. "आज विचारते. इथेच. तुम्ही दोघी समोर बसा."

व्हिडिओ कॉल लागला. तिनं विचारलं आणि इब्राहिम नेमकं तेच बोलला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

झैनब उभी राहिली. "आहे, म्हणून तर तोंडावर विचारतेय. माझा रिपोर्ट तयार आहे. तुझा येईपर्यंत पत्रिका छापायच्या नाहीत."

एसी चालू होता, तरी शब्द न् शब्द खणखणीत! माझे डोळेच भरून आले. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या डिग्रीचाही वाटला नव्हता.

मग इब्राहिम हळूच म्हणाला, "बरं. करतो. पण... सुई फार दुखते का?"

ताईंना राहवलं नाही. सवयीनं तोच घोगरा आवाज लागला, "अजिबात नाही, ब्रदर!"

इब्राहिम ताडकन सरळ बसला. "झैनब! तुझ्या खोलीत हा कोण पुरुष आहे?"

झैनबनं ताईंकडे पाहिलं आणि खळखळून हसली.

"हा? हा तूच आहेस!"